मागे राहणाऱ्यासाठी मटार

मी मटारचा डबा बोलतोय. हसू नका. तुमच्यापैकी किती जणांना आपला शेवट कधी आहे ते ठाऊक आहे? मला आहे. माझ्या बुडावर छापलेलाच आहे: दिवस, महिना, वर्ष, सगळं. उद्याचा आहे. म्हणजे माझ्यापाशी आजची संध्याकाळ तेवढी उरलीय आणि सांगायचं पुष्कळ आहे, तेव्हा मधेमधे बोलू नका.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा गुंडाळला, कड दाबली, बूड बसवलं की झाला डबा. पोटात मटार भरले, मिठाचं पाणी ओतलं, वर झाकण ठोकलं आणि वाफेत घालून असा शिजवला की बाहेर आलो तेव्हा आत काय आणि बाहेर काय, मला काहीच कळत नव्हतं. मग अंगाला कागद चिकटवला. त्या कागदावर जे टपोरे, हिरवेगार मटार छापलेत ते माझ्या पोटातल्या मटारांचे कोणीही लागत नाहीत. माझे आपले किरकोळ आहेत. पण स्वतःबद्दल थोडं वाढवून सांगायची पद्धत मी काढलेली नाही.

दुकानात माल लावताना मी हातातून सुटलो आणि कमरेला हा पोचा आला. तेव्हापासून जो तो मला उचलायचा, फिरवून बघायचा, नाक मुरडायचा आणि शेजारच्याला घेऊन जायचा. एक दिवस एका म्हातारीने मला उचललं. तिने पोच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ उलटा केला आणि बूड वाचलं.

"चालेल," ती स्वतःशीच म्हणाली. "तेवढ्यात येईलच तो."

मला वाटलं, घरी पाहुणा येणार असेल. पाहुणाच तो, पण भलताच मोठा निघाला.

या म्हातारीला सगळे मावशी म्हणतात. शाळेच्या भटारखान्यात तिचं आयुष्य गेलं. शंभर पोरांचं जेवण एका हाताने ढवळणारी बाई, त्यामुळे आवाज तसा आणि मनगटही तसं. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिचा जावई, एवढीच दोघं राहतात. लेक होती, ती आजारपणात गेली. लेक गेल्यावर सासू-जावयाने एका घरात राहायचं तरी कशाला, असं लोकांना वाटायचं. दोघांनाही वाटत असावं. पण निघायचं कोणी, हा प्रश्न कधी सुटला नाही, आणि सकाळचा चहा दोघांचा म्हणूनच टाकला जात राहिला.

जावई लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वर पोचवणारा माणूस, आणि मावशीच्या मते शेवटच्या दिवशी नेमका तोच खाली राहणार होता. कसा, ते सांगतो.

मावशीच्या मंडळीचं, म्हणजे ती जिथे रविवारी उपासनेला जाते त्या लोकांचं, शेवटाबद्दल अगदी पक्कं वेळापत्रक आहे. आधी प्रभू गुपचूप येणार आणि आपल्या खऱ्या लोकांना अलगद वर उचलून नेणार. मग खाली सात वर्षं महासंकट: उपासमार, लढाया, ख्रिस्तविरोधकाचं राज्य, काय विचारू नका. मग प्रभूचं हजार वर्षांचं राज्य. नाक्यापलीकडे दुसरी मंडळी आहे. तीसुद्धा त्याच प्रभूची, तीच गाणी, तशीच बाकं. पण त्यांचं म्हणणं, आधी संकट, मग उचलणं, आणि विश्वासणाऱ्यांनाही त्यातून जावं लागणार. एवढ्यावरून दोन मंडळ्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत. ज्याच्याबरोबर अनंतकाळ काढायचाय त्याला रस्त्यात नमस्कार करायचा नाही, याला म्हणतात मताची शुद्धता.

जावई लग्नानंतर मावशीच्या मंडळीत जायचा. एकदा अभ्यासवर्गात त्याने हात वर केला आणि विचारलं, "सगळे एकदम वर उचलले गेले, आणि तेव्हा एखादा लिफ्ट चालवत असला, तर आत अडकलेल्यांचं काय?" तो अगदी मनापासून विचारत होता हो, त्याच्या धंद्याचाच प्रश्न तो. पण त्याला थट्टेखोर ठरवलं. तो उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "प्रभू येणार, एवढं मला पुरे. आधी काय आणि मग काय, ते तो आल्यावर सांगेलच की." त्यानंतर तो तिकडे फिरकला नाही. मंडळीच्या लेखी तो मागे राहणाऱ्यांत जमा झाला.

मावशीने मला घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचं खालचं दार उघडलं. बघतो तर आत माझ्यासारखेच डबे! मटार, मका, टोमॅटो, घेवडा, कोपऱ्यात माशांचा एक चपटा डबा. मला पुढे ठेवून तिने दार लावलं.

कपाटातही वाद होतेच. आमचा प्रभू म्हणजे ओपनर. तो ड्रॉवरमध्ये असतो आणि एक दिवस येतो, यावर सगळ्यांचं एकमत. पण मटार म्हणायचे, तो तारखेच्या आधी येतो. मका म्हणायचा, छे, तारीख उलटून गेल्यावर येतो, आधी सगळ्यांना आंबायला लागणार. टोमॅटो म्हणायचा, ओपनर हे नुसतं प्रतीक आहे, तो फार शिकलेला. आणि माशांच्या डब्याला झाकणावर ओढायची कडी होती, त्यामुळे तो म्हणायचा, "मला कोणाचीच गरज नाही, मी आपला आपण उघडतो." त्याच्याशी आम्ही सगळ्यांनी मिळून बोलणं टाकलं होतं. मीसुद्धा. पोचा पडलेला असलो तरी माझं मत शुद्ध होतं.

आता मूळ गोष्टीवर येतो.

मंडळीत प्रभुभोजनाच्या आधी घरभेटीची पद्धत आहे. प्रभुभोजन म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकरीचा तुकडा मोडून घ्यायचा आणि प्याल्यातला घोट प्यायचा. मावशीचा जीव त्यात. लेक आजारी पडायच्या आधी तिच्या शेजारी बसून घ्यायची, आता एकटी घेते, पण त्या वेळी लेक बाजूला असल्यासारखी वाटते म्हणते. तर त्याआधी मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, घरोघरी जाऊन कोणाचं मत बिघडलं नाही ना ते बघतात. मावशीकडे आले ते दोघं. एक चष्मेवाले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे समोरच्याला काय दिसत नाही ते त्यांना आधी दिसतं. दुसरे पाळक, मंडळीचे धर्मोपदेशक. भला माणूस, पण बोलायच्या आधी घसा साफ करणार आणि पुष्कळदा तेवढंच करून थांबणार. त्यांचा थोरला मुलगा घर सोडून गेलाय, उपासनेचं नाव काढत नाही. त्याचा विषय निघाला की पाळकांचा घसा पार बसतो.

चष्मेवाल्यांना गोळी घ्यायची होती. मावशी उठायला लागली तर म्हणाले, "बसा, बसा, माझं मी घेतो." आणि पेला शोधायला नेमकं आमचं दार उघडलं.

कपाटात एकदम उजेड! मका ओरडला, "आला, आला!" ओपनर नव्हता. चष्मेवाल्यांचं नाक होतं.

त्यांनी वाकून आत बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. मग पुढचा म्हणून मला उचललं आणि बाहेरच्या खोलीत नेऊन पाळकांपुढे धरलं.

"मावशी, हे काय?"

"मटार."

"ते दिसतंय. एवढे? आणि मागे आणखी रांगा! हा संकटाचा साठा आहे."

मावशीने मला परत घ्यायला हात पुढे केला.

"आपण तर संकटाच्या आधीच वर जाणार. मग संकटात खायला तुम्हाला मटार कशाला? म्हणजे तुम्ही इथेच असणार असं धरून चालला आहात! हे नाक्यापलीकडचं मत आहे, मावशी. पाखंड आहे हे!"

"तसं नाही हो," मावशी म्हणाली.

"मग कसं? कोणासाठी आहेत हे डबे?"

मावशी सांगणार होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दाराचं कुलूप वाजलं आणि जावई आत आला. बूट काढता काढता म्हणाला, "अरे वा, पाहुणे!" मावशीने तोंड मिटलं ते मिटलंच. चष्मेवाल्यांनी तीनतीनदा विचारलं, पण बाई तोंडात गुळणी धरून बसली. शेवटी ते उठले. "रविवारी उपासनेनंतर खुलासा करा. तोवर भोजन बंद." आणि पुरावा म्हणून मला खिशात घालून घेऊन गेले. पाळकांनी घसा साफ केला.

रविवारी मागच्या खोलीत बैठक बसली. टेबलावर मधोमध मी. सहा माणसं गंभीर चेहऱ्याने एका मटारच्या डब्याकडे बघत बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मावशी समोरच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तिला काढून टाकलं असतं तर ती रविवारी कुठे गेली असती? जावई तिला सोडायला आला होता, तो दाराशीच उभा राहिला.

चष्मेवाल्यांनी सुरुवात केली, "शेवटचं विचारतो. डबे कोणासाठी?"

मावशीने जावयाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"माझे आहेत," जावई दारातून म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"मीच आणलेत. मला मटार आवडतात. खूप आवडतात. सासूबाईंचा काही संबंध नाही."

मावशीने मान वर केली. मला वाटलं, सुटली बिचारी. पण कसलं काय! जन्मभर खोट्याची चीड असलेली बाई ती.

"खोटं बोलताय तुम्ही!" ती खुर्चीतून उठलीच. "मटार ताटात पडले तर एकेक वेचून कडेला सारणारा माणूस हा! मी आणलेत ते. ह्यांच्यासाठीच आणलेत. मी वर जाणार, माझ्या मताला कुठे धक्का लागलेला नाही. पण हे खाली राहणार, आणि ह्यांना साधं अंडं उकडता येत नाही! सात वर्षं काय खातील? लेकीने जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, आई, ह्यांना उपाशी ठेवू नकोस. मी वर गेले की ती पहिलं हेच विचारणार, ह्यांना काय ठेवून आलीस? काय सांगू तिला? प्रार्थना ठेवून आले?"

जावई दाराची कडी धरून उभा होता. त्याला पहिल्यांदाच कळत होतं की आपण मागे राहणार हे घरात ठरून गेलेलं आहे, आणि त्याची शिधासामग्रीही भरून झाली आहे.

चष्मेवाले मात्र खंबीर. त्यांनी मला उचललं, उलटा केला आणि बूड वाचलं. "काळाबद्दल तुमचं मत शुद्ध आहे, मावशी, ते मान्य. पण मागे राहणाऱ्याची सोय करून ठेवणं म्हणजे मागे राहायला उत्तेजन देणं. शिवाय संकट सात वर्षांचं आणि याची मुदत दोन वर्षांची. यात विश्वासही अर्धवट आणि हिशेबही अर्धवट. कपाट रिकामं करा, मग भोजनाला या."

"नाही करणार," मावशी म्हणाली.

पाळकांनी घसा साफ केला. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. पुढे काही आलं नाही.

जावयाने टेबलावरून मला उचललं, मावशीची पिशवी घेतली आणि दोघं घरी आली. इमारतीच्या लिफ्टमध्ये दोघं शिरली.

"म्हणजे मी राहणार," दार लागल्यावर जावई म्हणाला.

"राहणार."

"नक्की?"

"तुम्ही सुधारलात तर नाही."

"डबे कधीपासून घेताय?"

"ती गेली, त्या महिन्यापासून."

जावई बटणांकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात मी असल्यामुळे ते पुसायला त्याला हात नव्हता. "चौथा आला, आई," तो म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या कपाटात महासंकट सुरू झालं.

मावशी बाजारात गेली की जावई ओपनर घेऊन यायचा. रोज दोन-तीन डबे. कामावरही न्यायचा, घरीही उभ्या उभ्या खायचा. मटार गिळताना तोंड असं करायचा की मलाच अपमान वाटायचा, पण चाटूनपुसून संपवायचा. तारखेच्या आधी येतो म्हणणारे मटार जिंकले, पण ते पोटात गेल्यामुळे त्यांना मिरवता आलं नाही. टोमॅटो शेवटपर्यंत प्रतीक, प्रतीक म्हणत होता. माशांच्या डब्याची कडी पहिल्याच ओढीला तुटून हातात आली. त्याला पक्कडीने उघडावं लागलं. मी काही बोललो नाही, पण बरं वाटलं.

शनिवारी मी एकटाच उरलो. जावयाने मला ओट्यावर घेतलं, ओपनरचं चाक कडेला लावलं, आणि दारात मावशी उभी.

"काय चाललंय?"

"कपाट रिकामं करतोय," तो म्हणाला. तोंड हिरवट झालं होतं त्याचं. "उद्या तुम्हाला भाकरी मिळायला हवी. मी राहीन हो उपाशी, माझं काय! तुमचा एवढा एक रविवार असतो."

"पण तुम्हाला मटार आवडत नाहीत."

"नाहीच आवडत! भिकार लागतात!"

मावशी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मधेच हसू फुटलं, मग पुन्हा रडली. जावई शेजारी उकिडवा बसला आणि त्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने तिच्या हातात मलाच दिलं. तिने माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

"हा राहू दे," ती म्हणाली. "तुमच्या तोंडचा शेवटचा घास काढून घेतला तर उद्याची भाकरी माझ्या घशाखाली उतरायची नाही."

रविवारी ती मला पिशवीत घालून उपासनेला गेली. चष्मेवाले दारातच.

"रिकामं झालं का?"

तिने पिशवीतून मला काढून दाखवलं. "हा सोडून."

"एक काय आणि शंभर काय, मत तेच. मागच्या बाकावर बसा."

ती बसली. मी तिच्या मांडीवर. पुढे भाकरीचं तबक फिरायला लागलं. मावशी त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि माझ्यावर टपटप पाणी पडत होतं. तबक मागून दुसऱ्या बाकापाशी येऊन परत वळलं. मग पाळकांनी ते फिरवणाऱ्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः चालत आमच्याकडे यायला लागले. वाटेत चष्मेवाले उभे राहिले, "पाळक, तो बाक..." पाळक थांबले नाहीत. त्यांनी घसाही साफ केला नाही. मावशीपुढे येऊन तबक धरलं.

"घ्या, मावशी."

मावशीने तुकडा उचलला. पाळक तिच्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "हे डबे कुठल्या दुकानात मिळतात हो?"

मावशीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या थोरल्या मुलाला तिने लहानपणी शाळेत जेवू घातलं होतं. "काय आवडतं त्याला?" तिने विचारलं.

"मका," पाळक म्हणाले, आणि त्यांचा आवाज गेला.

त्यानंतर पुष्कळ दिवस झाले. चष्मेवाले अजून मावशीशी बोलत नाहीत, पण तिला बाहेरही काढता येत नाही, कारण मग पाळकांनाही काढावं लागेल. शिवाय हल्ली कोणाच्या घरी गेलं तरी त्यांना पेला दुसरं कोणीतरी घाईघाईने आणून देतं, कपाट उघडू देत नाही.

प्रभू अजून आलेला नाही. माझी तारीख मात्र आली.

आज संध्याकाळी मावशीने मला ओट्यावर काढून ठेवलंय. उद्या दुपारी मी. आता ती जावयाला अंडं उकडायला शिकवतेय. त्याने पहिली दोन फोडली, तिसरं ठीक आहे. पाण्याकडे बघता बघता तो म्हणाला, "आई, राग मानू नका. पण समजा, त्या दिवशी मीच वर गेलो आणि तुम्ही राहिलात, तर?"

माझ्या आतले मटार गार पडले. आता ही बाई डाव फेकून मारणार! मावशीने डोळे वटारले. मग तिने चमच्याने अंडं पाण्यात फिरवलं.

"मग उद्या दोन डबे जास्त आणा," ती म्हणाली. "चष्मेवालेही मागे असतील माझ्याबरोबर."

जावई हसून हसून ओट्याला टेकला. तीही हसली, आणि अंडं जास्त उकडलं.

चला, निघतो मी. ओपनर माझ्या शेजारीच ठेवलाय. इतके दिवस ज्याच्यावरून भांडलो तो हा, जवळून बघितला तर थोडा गंजलेला आहे. वरून झाकण निघेल, उजेड येईल, मग पुढचं पुढे. माझं मागणं एकच आहे, आणि तेही प्रभूकडे नाही, जावयाकडे आहे. बाबा रे, उद्या मला ताटाच्या कडेला सारू नकोस.